साबूच्या नाकावरची खपली: एक प्रकरण

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात शुक्रवार पेठेतल्या काकू साबूला घेऊन आल्या. "अगं डॉक्टर, ती खपली परत आली बघ." साबू म्हणजे साबूदाणा. ११ वर्षांची, पांढरीशुभ्र, गुलाबी नाकाची मांजरी, वजन ३ किलो ८०० ग्रॅम. बास्केटचं दार उघडलं तशी ती टेबलावर न थांबता खिडकीच्या कट्ट्यावर गेली आणि उन्हाच्या पट्ट्यात जाऊन बसली. आपल्याला काय झालंय ते ती दर भेटीत अशीच सांगत होती. माझ्या लक्षात यायला आठ महिने लागले.

त्या आठ महिन्यांचा हिशेब माझ्याच अक्षरात आहे. आदल्या जुलैचा केसपेपर: "डावा कान, टोकाला खरचटलेलं. डाव्या नाकपुडीच्या कडेला बारीक खपली. मारामारी?" पेठेत बोके भरपूर, साबू गच्चीवर मोकळी, त्यामुळे ते प्रश्नचिन्ह नुसतं शोभेला होतं. मी अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकत्र असलेलं मलम दिलं. दहा दिवसांत लाली उतरली, काकू खूश, मीही खूश. ऑक्टोबरात खपली पुन्हा आली, पुन्हा तेच मलम. स्टेरॉइडनं सूज आणि लाली उतरते. खाली बिघडलेल्या पेशींचं काम चालूच राहतं. डिसेंबरात काकूंनी मला न विचारता हळद आणि खोबरेल लावून पाहिलं. माझ्या मलमानं निदान लांबवलं तेवढं तरी त्यांच्या हळदीनं लांबवलं नसेल.

बोक्याच्या पंजाची जखम दोन-तीन आठवड्यांत भरून येते, नाहीतर पू धरून फुटते. त्याच जागी महिनोन् महिने खपली धरते, पडते, पुन्हा धरते, तेव्हा तिथून तुकडा काढून तपासायला पाठवायचा असतो. हे मला ठाऊक होतं. दहा वर्षं ओळखीचं मांजर टेबलावर असलं की ठाऊक असलेलं विसरायला होतं, एवढंच.

गच्ची

काकू राहतात तिथे पूर्वी वाडा होता, आता तीन मजली इमारत आहे आणि त्यांचं घर सगळ्यात वर. गच्चीला वॉटरप्रूफिंगचा पांढरा रंग दिलेला, जिन्यावर पत्र्याची शेड. होळी झाली की तिथे जुन्या साड्यांवर कुरडया, सांडगे, बटाट्याचा कीस पसरतात आणि कबुतरांवर नजर ठेवायला साबू बसते. मी नंतर एकदा मुद्दाम सकाळी साडेदहाला जाऊन पाहिलं. ती कीस वाळत घातलेल्या साडीच्या काठावर कूस बदलून झोपली होती. कान उन्हात, नाक उन्हात. खालच्या पांढऱ्या रंगावरून उलटून येणारं ऊन माझ्याच डोळ्यांना बोचत होतं.

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. मार्च ते मे या काळात इथे दुपारचा अतिनील निर्देशांक ११ च्या वर जातो, म्हणजे मोजपट्टीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर. मांजराचं बाकी अंग केसांनी झाकलेलं असतं. कानांची टोकं, पापण्यांच्या कडा, नाकाचा ओलसर भाग आणि कान-डोळ्यामधली विरळ केसांची पट्टी उघडी राहते. पांढऱ्या मांजराच्या या जागी मेलॅनिन, म्हणजे उन्हापासून वाचवणारं रंगद्रव्यही नसतं. आधी नुसती लाली येते, केस झडतात, मग खपली धरते. ही कॅन्सरच्या आधीची पायरी, आणि ती वर्षभरसुद्धा चालू शकते. त्यानंतर बिघडलेल्या पेशी त्वचेच्या वरच्या थरातच वाढतात आणि एक दिवस तळाचा पडदा ओलांडून खाली उतरतात. त्याचं नाव स्क्वेमस सेल कार्सिनोमा. आम्ही परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो तेव्हा या नावाबरोबर बैलाचं शिंग डोळ्यांपुढे यायचं, कारण आपल्याकडच्या बैलांच्या शिंगाचा कॅन्सर हा याच जातीच्या पेशींचा. मांजराच्या नाकाशी ते नाव माझ्या मनात तेवढं घट्ट जोडलेलं नव्हतं.

तपासणी

डाव्या कानाचं टोक कुरतडल्यासारखं झालेलं, १४ मिलिमीटर रुंदीचा व्रण, कडा कडक. उजव्या कानाला पातळ खपली. डाव्या नाकपुडीच्या कडेला ७ मिलिमीटरचा खड्डा, बोट लावलं की रक्त.

कॅन्सर म्हणण्याआधी दुसऱ्या काही शक्यता मोडीत काढायला हव्या होत्या. नाकावर व्रण करणारी क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी कबुतरांच्या विष्ठेत सापडते, आणि या गच्चीवर कबुतरं किती ते मी पाहिलं होतं. स्पोरोट्रायकोसिस ही दुसरी बुरशी, ती मांजराकडून माणसालाही होते, म्हणून हातमोजे घालून काचपट्टीवर ठसे घेतले. दोन्हींपैकी कुठल्याच बुरशीच्या पेशी दिसल्या नाहीत. दिसल्या त्या वेड्यावाकड्या केंद्रकांच्या, एकमेकींशी आकार न जुळणाऱ्या पेशी. एफआयव्ही आणि ल्युकेमिया या मांजरांच्या दोन विषाणूंची चाचणी निगेटिव्ह. जबड्याखालच्या लसिका गाठींतून सुईनं नमुना घेतला, तो साफ. छातीचे तीन एक्स-रे, तेही साफ. हा कॅन्सर दूर पसरायला सहसा वेळ घेतो, जागेवरच खात बसतो. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन वरच्या मर्यादेला टेकलेलं. ११ वर्षांच्या मांजरीत हे नवल नाही, पण पुढे वेदनाशामकाचा डोस ठरवताना ते डोक्यात ठेवावं लागलं.

भूल देऊन ४ मिलिमीटरच्या पंचनं, म्हणजे कातडीचा गोल तुकडा काढणाऱ्या हत्यारानं, तिन्ही जागचे तुकडे काढले. आठ दिवसांनी रिपोर्ट आला. उजवा कान: पेशी अजून वरच्या थरातच. डावा कान: खोल उतरलेला कार्सिनोमा. नाक: कार्सिनोमा, तुकड्याच्या तळाच्या कडेपर्यंत. म्हणजे पंच जिथवर गेला तिथवर तो होताच. त्याच्या खाली किती, ते रिपोर्ट सांगू शकत नव्हता.

तळाच्या कडेबद्दलच्या त्या एका ओळीनं पुढचं सगळं ठरवलं.

"शेक देऊ या का?"

काकूंना रेडिएशन समजावून सांगावं लागलं नाही. सहा वर्षांपूर्वी त्यांचं छातीचं ऑपरेशन झालं आणि नंतर पंधरा सिटिंग झाली. त्या त्याला कधी शेक म्हणतात, कधी लाईट. "माझी मार्किंगची निळी टिकली अजून आहे काखेपाशी. हिलाही पंधरा लाईट देऊन टाकू. कापाकापी नको." दुसऱ्या दिवशी त्या स्वतःची फाईल घेऊन आल्या. त्यात लिहिलं होतं: ४० ग्रे, १५ भागांत.

ग्रे हे ऊतींनी शोषलेल्या किरणांचं माप. मी त्यांना म्हटलं, मांजरांच्या नाकासाठी एक पद्धत आहे, तीत एकाच बैठकीत पृष्ठभागावर १०० ग्रेच्याही वर देतात. काकूंनी चष्मा काढला. "जळून नाही का जाणार?"

जात नाही, कारण ते किरण आत शिरतच नाहीत. स्ट्रॉन्शियम-९० हा किरणोत्सारी पदार्थ, त्याचं अर्धायुष्य सुमारे २९ वर्षं. त्याच्यापासून यिट्रियम-९० तयार होतं आणि त्यातून जोरकस बीटा कण निघतात. दांडीच्या टोकाला नखाएवढी चकती असते, ती भूल दिलेल्या मांजराच्या नाकावर टेकवून काही मिनिटं धरायची. व्रण मोठा असेल तर चकती सरकवून शेजारी शेजारी ठेवायची. २ मिलिमीटर खाली गेलं की डोस अर्ध्याच्याही आत येतो, ४-५ मिलिमीटरवर नाममात्र उरतो. त्यामुळे खालची कूर्चा आणि हाड वाचतं. मांजर स्वतः किरणोत्सारी होत नाही, त्याच संध्याकाळी घरी जाऊन मांडीवर झोपू शकतं. माणसांच्या डोळ्यांवरचं वाढलेलं मांस काढल्यावर ते परत येऊ नये म्हणून अशाच चकत्या वापरत असत.

नाकाच्या कॅन्सरसाठी असे उपचार घेतलेल्या ४९ मांजरांचा अमेरिकेतला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ४३ मांजरांचा व्रण पूर्ण गेला. हा आकडा मी काकूंना सांगितला आणि सांगितल्यावर वाटलं, नसता सांगितला तर बरं. त्या यशाला अट आहे ती जाडीची. आजार दोन-तीन मिलिमीटरच्या आत असेल तर ही चकती कमाल करते. साबूच्या नाकातला तुकडा तळापर्यंत भरलेला होता. जुलैत मलमाऐवजी पंच हातात घेतला असता तर नाकाचा रिपोर्ट बहुधा उजव्या कानासारखा आला असता आणि ही पद्धत, किंवा नुसतं द्रव नायट्रोजननं गोठवणंसुद्धा, पुरलं असतं. हेही मी त्यांना सांगितलं. काकू काही बोलल्या नाहीत. काका म्हणाले, "बरं. मग आता?"

आता दुसरा प्रकार: बाहेरून, लिनॅक नावाच्या, किरणांचा झोत सोडणाऱ्या यंत्रातून दिलेला शेक. त्यातल्या इलेक्ट्रॉन झोताची खोली ठरवता येते. ६ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचा झोत साधारण पावणेदोन सेंटिमीटरपर्यंत जोर धरतो आणि मग झपाट्यानं ओसरतो. गंमत म्हणजे त्याचा पूर्ण जोर अगदी वरच्या कातडीवर नसतो, म्हणून नाकावर ओल्या गॉजसारखं काहीतरी ठेवून ती खोली भरून काढतात. बरं करण्याच्या इराद्यानं दिलेला कोर्स म्हणजे दहा ते वीस सिटिंग. काकू टेबलावर श्वास धरून निमूट पडल्या; साबू पडणार नाही, म्हणजे प्रत्येक सिटिंगला भूल, तीही वरच्या टोकाला टेकलेल्या क्रिएटिनिनवर. कातडी लाल होऊन सोलवटते, ओली राहते, काही आठवड्यांत भरते. केस गेले तर परत येताना पांढरे येतात, आणि साबूच्या बाबतीत एवढा एकच दुष्परिणाम कुणाला कळला नसता. डोळा झोताच्या वाटेत आला तर मोतीबिंदू होऊ शकतो.

मांजराला असा शेक देणारी जागा मी पुण्यात शोधली, मिळाली नाही. "मग माझ्याच हॉस्पिटलात नेऊ," काकू म्हणाल्या. मी फोन केला. तिथल्या मेडिकल फिजिसिस्ट बाईंनी माझं पंधरा मिनिटं ऐकून घेतलं, साबूचा फोटो मागवला, "गोड आहे हो" म्हणाल्या आणि नाही म्हणाल्या. यंत्राचा परवाना माणसांच्या उपचारांसाठीचा. त्या टेबलावर पुढच्या दहा मिनिटांत केमो चालू असलेला, पांढऱ्या पेशी उतरलेला पेशंट येणार. आणि बाहेर रांग. मला राग आला नाही. त्या रांगेत काकू बसलेल्या आहेत.

खरं तर यंत्र दारात असतं तरी साबूसाठी मी आधी सुरीच सुचवली असती. शेक जिथे पहिला विचारात घ्यावा अशा जागा वेगळ्या: पापणीची कड, जिथे कापलं तर डोळा मिटेनासा होतो, पातळ, नुकतेच सुरू झालेले व्रण, किंवा ऑपरेशननंतर कडेला पेशी राहिल्या असतील तेव्हा. खूप वाढलेल्या आजारात तीन ते सहा मोठी सिटिंग नुसत्या वेदना कमी करायलाही देतात. साबूच्या बाबतीत उरलेला भाग एकसंध कापून काढता येण्याजोगा होता. फक्त तो भाग म्हणजे तिचं नाक होतं.

नाक

"नाक कापायचं?" काकूंनी हा प्रश्न मराठीत जसा ऐकू येतो तसाच विचारला. मी तीन महिन्यांनंतरचे, दुसऱ्या मांजरांचे फोटो दाखवले. नाकाच्या जागी एक सपाट, गुलाबी, किंचित चकित दिसणारं भोक. दोन्ही कान काढले की मांजर घुबडासारखं दिसतं. काकू फोटो बघत राहिल्या.

काका मूळचे नाशिकचे. ते म्हणाले, "नाक आणि दोन्ही कान? हे तर आमच्या पंचवटीतलं काम. शूर्पणखेची जागा दाखवतो तुला." काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते बाहेर जाऊन स्कूटर पुसू लागले. मग काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मलाही विचारलं होतं ना त्यांनी, ठेवायचं की काढायचं. मी म्हटलं काढा. आरशात बघायला मला लागतं. हिला आरसा कुठे लागतोय." आणि संमतीपत्रावर सही केली. सहीच्या खाली तारीख घालायला त्या विसरल्या, ती मी घातली.

ऑपरेशन एकाच बैठकीत केलं. दोन्ही कान निरोगी दिसणाऱ्या भागातून, केसाळ कातडीसकट. नाक व्रणाच्या कडेपासून ५ मिलिमीटर सोडून, मागच्या कूर्चेपर्यंत. रक्त भरपूर येतं, हे पहिल्यांदा करणाऱ्यानं मनाची तयारी करून करावं. उरलेल्या कातडीला भोवतीनं बटव्याच्या नाडीसारखा टाका घालून भोक लहान केलं. नाडी जास्त आवळली तर पुढे श्वासाची वाट आक्रसते, म्हणून सैलच ठेवली. आणि त्याच भुलेत मानेतून अन्ननलिकेत नळी बसवली. हा निर्णय नंतर सगळ्यात उपयोगी पडला.

मांजर वासावर जेवतं. नाक नसलेल्या, सुजलेल्या, रक्ताच्या खपल्यांनी भरलेल्या साबूला समोरचं अन्न हे अन्न आहे हे कळत नव्हतं. दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की मांजराचं यकृत चरबीनं भरू लागतं आणि मग कॅन्सर बाजूलाच राहतो. काकू दर चार तासांनी नळीतून पातळ केलेलं खाणं देत आणि कालनिर्णयच्या मागच्या बाजूला लिहीत: "६.०० - ३० मिली. उलटी नाही. १०.०० - ३० मिली. माझ्यावर फुरफुरली." वेदनेसाठी ब्युप्रेनॉर्फिन, मेलॉक्सिकॅम अगदी कमी मात्रेत आणि थोडेच दिवस. चौथ्या दिवशी रात्री काकांचा फोन आला, हिला दुखतंय असं वाटतं, घरातली पॅरासिटामॉलची पाव गोळी देऊ का. मी जवळजवळ ओरडलेच. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. पाव गोळीसुद्धा जीव घेऊ शकते.

पाचव्या दिवशी त्या कट्टर शाकाहारी घरात गणेश पेठेतल्या मासळी बाजारातून सुके बोंबील आले. काका घेऊन आले, वर्तमानपत्राच्या तीन थरांत गुंडाळून. काकूंनी ते गच्चीवर, जुन्या पातेल्यात, गॅसची छोटी शेगडी वर नेऊन उकळले आणि कोमट पाणी बशीत ओतलं. साबू बशीपाशी गेली, थांबली आणि चाटू लागली. कालनिर्णयवर त्या दिवशी नुसतं लिहिलं आहे: "बोंबील."

बाराव्या दिवशी टाके काढले. पंधराव्या दिवशी नळी.

कडांचा रिपोर्ट आणि त्यानंतर

कापून काढलेल्या दोन्ही कानांच्या कडा साफ आल्या, म्हणजे तिथे कॅन्सरच्या पेशी नव्हत्या. नाकाचा तळ साफ. ओठाकडची एक कड मात्र निसटती: कॅन्सरच्या पेशी आणि सुरीची रेघ यांच्यात १ मिलिमीटरही नाही. शेक इथे खरा हवा होता. काही आठवड्यांनी, जखम भरल्यावर, त्या एका कडेवर. मी पुन्हा दोन फोन केले आणि उत्तर तेच मिळालं. पुन्हा कापायला ओठच उरला नसता. काकूंना मी सरळ सांगितलं की या कडेवर आपल्याकडे नजर ठेवण्यापलीकडे काही नाही. दर महिन्याला यायचं, फोटो काढायचा, आधीच्या फोटोशेजारी ठेवायचा. मी टेबलाला पट्टी चिकटवली आहे, प्रत्येक फोटोत ती दिसते.

गच्चीवर काकांनी हिरवी शेडनेट बांधली. कुरडयांना ऊन मिळेना म्हणून त्यावरून घरात आठवडाभर वाद झाला; शेवटी कुरडया नेटच्या बाहेर आणि साबू सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच घरात, काचेच्या खिडकीत. काच अतिनील-ब किरण बहुतेक अडवते, त्यामुळे तिची उन्हाची हौस थोडी तरी भागते. सनस्क्रीन लावू का, हे काकूंनी विचारलं होतं. मांजर सगळं चाटून पोटात घेतं आणि माणसांच्या सनस्क्रीनमधले झिंक ऑक्साइड आणि सॅलिसिलेट तिला चालत नाहीत, म्हणून नाही म्हटलं.

सातव्या महिन्यात डाव्या डोळ्याच्या आणि कानाच्या मधल्या पट्टीत ३ मिलिमीटरची लाली दिसली. या वेळी मलम दिलं नाही. त्याच दिवशी पंच. रिपोर्ट: कॅन्सरच्या आधीची पायरी. द्रव नायट्रोजननं गोठवली, दोनदा, मध्ये वितळू देऊन. तीन आठवड्यांत खपली पडली आणि खाली गुलाबी कातडी निघाली.

आता अकरा महिने झाले आहेत. ओठाकडची कड अकराही फोटोंत सारखी आहे. श्वासाची वाट थोडी आक्रसली आहे, थंडीत साबू शिंकते आणि झोपेत शीळ घातल्यासारखा आवाज येतो. वजन ४ किलो १०० ग्रॅम. परवा आली तेव्हा टेबलावरून निघाली, खिडकीच्या कट्ट्यावर चढली आणि उन्हाच्या पट्ट्यात बसली. काकूंनी उठून पडदा ओढला. ती उठली, पडद्याच्या पलीकडे गेली आणि तिकडे बसली.